कासुएलाच्या खालून

१

बर्फ वाचायचं काम माझं. पियुकेच्या स्की-उतारांवर सकाळी सगळ्यांच्या आधी चढते ती मी, आणि माझ्याबरोबर तीओ लिसांद्रो. तीओ म्हणजे काका. रक्ताचं नातं काही नाही. पण आमच्या अग्वा फ्रिया गावात साठी उलटलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारली, तर माझी आई थडग्यातून उठून येईल आणि थोबाडीत देईल.

गस्तीच्या खोलीत चूल पेटवायची, मातेचा कडू चहा भरायचा, काल उरलेला पाव चुलीवर शेकायचा. खिडकीतून डोंगराच्या माथ्याकडे बघायचं. माथ्यावरून बर्फाचा धूर पश्चिमेला उडत असला, तर पुएल्चे वाहतोय. हा पूर्वेचा वारा मोठा लबाड. पलीकडच्या अंगाचं बर्फ उचलतो आणि आमच्या अंगाला आणून रचतो. आभाळातून एक कण पडलेला नसतो, तरी उतारावर नवा थर बसलेला असतो. मग बर्फगाडीवरून वर जायचं आणि खड्डा खणायचा.

खड्ड्याची भिंत तासून गुळगुळीत केली की अख्खा हिवाळा थराथरांनी समोर उभा राहतो. हा पहिल्या वादळाचा, ही मधल्या पावसानं धरलेली पापडी, ही वाऱ्यानं आणून टाकलेली भुकटी. कुठल्या थरात मूठ शिरते, कुठल्यात चार बोटं, कुठल्यात एकच, कुठं पेन्सिल खुपसावी लागते आणि कुठं सुरीच काढावी लागते, त्यावरून थराचा कडकपणा कळतो. मग त्या भिंतीतून फावड्याच्या पात्याएवढा एक चौकोनी खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, त्याच्या डोक्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि वरून हातानं थापायचं. दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मध्येच एखादा थर सरकला तर उतार बंद. सगळ्या थापा झेलल्या तर बहुधा उघडा.

आमच्यात एक रीत आहे. जो थापतो तो मोजत नाही. थापणाऱ्याला उतार उघडायचा असतो, आकडा वाढला की त्याचा हात आपोआप हलका पडतो. म्हणून मोजायचं दुसऱ्यानं, आणि मोठ्यानं. तीओ लिसांद्रो असा काही मोजायचा की गावात लोक म्हणत, लिसांद्रो वर ‘एक’ म्हणतो आणि खाली कोंबडे घाबरून आरवायचे थांबतात.

“तीओ, मी शेजारीच बसलेय. बहिरी नाही,” मी म्हणायचे.

“तुझ्यासाठी कोण ओरडतंय?” तो म्हणायचा. “बर्फाला कळू दे, हिशेब चोख आहे ते.”

त्या वर्षीचा हिवाळा वाईट सुरू झाला होता. सुरुवातीला थोडंसं पडलं, मग कितीतरी दिवस कोरडी थंडी आणि निरभ्र रात्री. अशा थंडीत जमिनीलगतच्या बर्फाची साखर होते. दाणे सुटे होतात, मुठीत धरले तर बोटांतून ओघळतात. त्या साखरेवर पुढच्या वादळांनी चांगला जाड, घट्ट थर रचला. वरून बघितलं तर उतार नवरीसारखा सजलेला.

आणि शनिवारी गावातल्या पोरांचा दिवस होता. एरवी पियुकेवर सगळी सांतियागोची मंडळी. आमची पोरं त्यांची पार्किंगं साफ करतात, त्यांना सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, विकतात. वर्षातून एक दिवस मात्र डोंगर त्यांचा. त्या दिवशी सगळी पोरं एका रांगेत कासुएलातून खाली उतरतात. कासुएला म्हणजे आमचा सगळ्यात मोठा खोलगट उतार, रस्सा शिजवायच्या मातीच्या भांड्यासारखा गोल, म्हणून ते नाव. रांगेच्या पुढं माझी मुलगी रायेन असायची. ती तिथं स्की शिकवते. माझी एकुलती एक.

कासुएला त्या दिवशी उघडायची की नाही, हे मी ठरवायचं होतं.

२

त्या आठवड्यात तीओचा घसा बसला. त्याच्या घशातून नुसती हवा यायची.

“आज मला शांतता मिळणार,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी अभद्र बोलले. थट्टेला थट्टेनं उत्तर न देणारा माणूस नव्हता तो.

आम्ही कासुएलाच्या वरच्या काठाशी खड्डा खणला. मी खांब मोकळा केला, फावडं ठेवलं, थापायला लागले. तो ओठांनीच मोजत होता, बोटं उघडून दाखवत होता. मनगट झालं, कोपर झालं, खांदा झाला. खांब दगडासारखा उभा. मी हात उचलला.

आणि एक थाप पडली.

माझा हात हवेत होता. फावडं हललं नव्हतं. आवाज बारीक होता, जाड भिंतीपलीकडून कुणी दार वाजवावं तसा. मी तीओकडे बघितलं, आणि त्याच क्षणी त्याला खोकल्याची उबळ आली. लांबलचक, वाकवून टाकणारी, थांबेचना. थांबली तोवर डोंगर गप्प झाला होता.

“ऐकलंस?” मी विचारलं.

त्यानं घशाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि फावडं घेऊन खड्डा बुजवायला लागला. खूप घाईनं बुजवत होता.

३

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्या बायकोनं, ओर्तेन्सियानं निरोप पाठवला की ताप आहे. गस्तीची बाकीची मंडळी पलीकडच्या उतारांवर अडकलेली. एकट्यानं वर जायचं नाही हा नियम मीच केलेला; तो मीच मोडला. रेडिओ घेतला आणि गेले.

हवा सुरेख होती. वारा नाही, आभाळ निळंशार. सूर्याभोवती फिकट कडं होतं, म्हणजे एक-दोन दिवसांत हवा पालटणार. मी कालच्याच काठाशी खड्डा खणला, खांब कापला, गुडघ्यांवर बसले आणि मनातल्या मनात मोजत थापा मारल्या. सगळ्या झेलल्या. मग मी नुसती बसून राहिले. कशाची वाट बघत होते ते मला ठाऊक होतं, आणि मला स्वतःचाच राग येत होता.

ते आधी कानाला कळलं नाही. गुडघ्यांना कळलं.

खालून. हलक्या, सारख्या अंतरानं. मनगटातल्या. मोजायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण सवय कुठं जाते? दहा झाल्या. मग जरासा विसावा, आपण हात बदलताना घेतो तेवढाच. आणि मग जड थापा सुरू झाल्या. कोपरातल्या. एक, दोन, तीन, चार. चौथीला काहीतरी सरकलं. ओल्या पोत्यावरून दुसरं पोतं घसरावं तसा मऊ आवाज आला आणि थापा थांबल्या.

त्यानंतर जे ऐकू आलं ते मला जास्त लागलं. चाचणी झाली की आम्ही हातमोज्यानं फावड्याचं पातं पुसतो. दोनदा इकडून, एकदा तिकडून. खाली कुणीतरी पातं पुसत होतं.

मी भुताखेतांना घाबरणारी बाई नाही. बर्फ बोलतं, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. थर दबला की तो ‘हुंफ’ करतो. खालून झरा जातो, त्याचं बर्फ तडकतं. माणसांना वर नेणाऱ्या केबलचे खांब थंडीत आखडतात, त्यांचा ठोका दूरवर येतो. आणि एवढं खणून छाती धडधडत असताना स्वतःचं रक्तही कानात ढोल वाजवतं. मी सगळी कारणं एकेक करून स्वतःला सांगितली. झरा तिथून बराच खाली होता. केबल त्या दिवशी बंद होती. आणि माझं रक्त दहा झाल्यावर विसावा घेत नाही.

मी खड्डा बुजवला, कासुएलाच्या दुसऱ्या अंगाला गेले आणि नवा खणला. माझा खांब तिथंही पक्का. मी थांबले. खालून पुन्हा तेच, पण या वेळी कोपराच्या पहिल्याच थापेला ते सरकलं.

मग मी शेजारच्या खडकाळ धारेवर गेले. तिथं खालचं साखरेसारखं बर्फ नव्हतंच. तिथं काहीही ऐकू आलं नाही. वारासुद्धा नाही. खरं सांगते, तिथंच मला पहिल्यांदा थंडी वाजली.

कारण एक गोष्ट मला चांगली माहीत होती. वरचा थर असा जाड आणि घट्ट असला की माझ्या थापा खालच्या साखरेपर्यंत पोचतच नाहीत. वरून सगळं पक्कंच वाटणार. ती साखर तपासायची असेल, तर तिच्या बाजूनंच तपासायला हवी.

४

“तर मग पक्कं आहे,” एवारिस्तो म्हणाला. तो आमचा मॅनेजर. माणूस वाईट नाही. हिवाळा वाईट गेला की त्याच्या भुवया एकमेकींना चिकटतात, एवढंच. “दोन खड्डे, दोन्ही पक्के. पाटीवर लिही, कासुएला शनिवारी उघडी.”

“उद्या लिहिते.”

“उद्या काय वेगळं होणार आहे?”

“सूर्याला कडं पडलंय. पुएल्चे येईल.”

“पुएल्चे दरवर्षी येतो. सुनिल्दा, बाई, माझ्याकडे बघ. पोरांनी शाळेत चित्रं काढून लावलीत. महापौर येणार आहेत. खांब सरकला का?”

“नाही.”

“मग तू ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? काय आहे ते बोल ना.”

काय बोलणार होते मी? पाटीवर मी तापमान लिहिलं, वारा लिहिला आणि कासुएलापुढची जागा कोरी ठेवली.

गस्तीच्या खोलीत बसले तर तिथंही बसवेना. चुलीत लाकूड तडकलं की मान वळायची. नळातून थेंब पडत होता. मी उठून त्याखाली फडकं ठेवलं. फरशीवर पाय टेकवायला नको वाटत होतं. शेवटी उठले आणि गाडी काढून गावात गेले.

५

ओर्तेन्सियानं दार उघडलं. हातात कणकेचा गोळा, गालावर पीठ.

“आलीस? बरं झालं. जरा सांग त्याला. रात्रभर तापात आकडे मोजत होता. बस, सोपाइपिया तळतेय.”

तीओ चुलीजवळ घोंगडी पांघरून बसला होता. मला बघताच त्याचा चेहरा उतरला. मी काही बोलायच्या आधीच तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ओर्तेन्सिया, लाकडं संपलीत.”

“भरपूर आहेत.”

“अगं, आण म्हणतो तर.”

ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत, पुटपुटत बाहेर गेली.

“एकटी गेलीस,” तो म्हणाला.

“गेले.”

“आणि मनात मोजलंस.”

मी मान डोलावली. त्यानं डोळे मिटले. मी त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना मला वाटत होतं की आता तो हसेल. म्हणेल, सुनिल्दा, तुला सुट्टीची गरज आहे. मला त्याचं हसणं हवं होतं.

“मी इतका मोठ्यानं का मोजतो, असं वाटत होतं तुला?” तो म्हणाला.

चुलीवर तेल तडतडत होतं. मी उठून कढई बाजूला केली. काहीतरी करायला हवं होतं.

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“माझ्या आधी जो मोजायचा त्यानं मला शिकवलं. म्हणाला, मोठ्यानं मोज आणि मोजून झालं की लगेच काहीतरी बोलत राहा. मला वाटलं, म्हातारा बडबड्या आहे.” तो खोकला. “मी दोनदा ऐकलं, पोरी. दोन्ही वेळा खरं निघालं. दोन्ही वेळा उतार कोसळला, आणि त्यावर माणसं नव्हती.”

“मग हे चांगलंच आहे की!”

“असेल.”

“मग ऐकायचं का नाही? मेरीची शपथ, तीओ, ते आपल्याला सावध करत असेल तर...”

“सावध करतंय असं कोण म्हणालं?” त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. “आपण वरून थापतो, तेव्हा मनात काय असतं? धरू दे रे, धरू दे. हो ना? आता खालून जो थापतो, त्याच्या मनात काय असतं ते तुला ठाऊक आहे? तो धरावं म्हणून थापतो की सुटावं म्हणून? मला नाही ठाऊक. म्हणून मी मोजतो मोठ्यानं. फुकटचं भलं मला पचत नाही.”

बाहेर ओर्तेन्सियाची पावलं वाजली. तो पुढं झुकला.

“कितीला सरकलं?”

“काठाशी कोपराच्या चौथीला. दुसऱ्या अंगाला पहिलीला.”

त्यानं छातीवर क्रूस काढला.

“बंद कर,” तो म्हणाला. “आणि त्याच्याशी बोलू नकोस. काहीही झालं तरी.”

ओर्तेन्सियानं मला चार सोपाइपिया फडक्यात बांधून दिल्या. गाडीत बसून मी त्या चारही खाल्ल्या आणि रडले. भीतीनं नाही. आपण वेडे झालेलो नाही, हे कळलं की माणसाला किती हलकं वाटतं!

६

कासुएला बंद. पाटीवर मी ते एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की महापौरांनाही चष्म्याशिवाय दिसावं.

एवारिस्तो ओरडला. “कारण काय लिहू? ‘बाईंच्या पोटात दुखतंय’ असं लिहू?”

“पुएल्चे लिही.”

“अजून आलेला नाही तो!”

तो ओरडला ते मी झेललं. रायेन ओरडली नाही, ते झेलणं अवघड गेलं. ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हात छातीवर बांधून, थेट तिच्या बापासारखी.

“आई, मला फक्त एकच सांग. खांब पक्का होता ना?”

“होता.”

“मग तू तुझ्याच खांबावर विश्वास ठेवत नाहीस?”

“साखर खोल आहे. माझ्या थापा पोचत नाहीत.”

“हे तुला याआधीही माहीत होतं. तरी कासुएला उघडायचीस. यंदा काय झालं? मी रांगेच्या पुढं असते म्हणून?” तिनं बांधलेले हात सोडले. “पोरं मला विचारतील, रायेन, तुझ्या आईनं आमचा डोंगर का काढून घेतला? काय सांगू त्यांना?”

“सांग की माझी आई घाबरट आहे.”

“ते मी नाही सांगणार,” ती म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्या रात्री पुएल्चे आला. मला आनंद झाला. निदान पाटीवरचं कारण तरी खरं ठरलं.

शनिवारी सकाळी वारा पडला आणि लख्ख ऊन निघालं. पोरं खालच्या बुटक्या उतारावर रांग करून उतरत होती. तोंडं फुगलेली, पण तासाभरात हसायला लागली. महापौरांनी भाषण केलं. मी पाटीजवळ उभी होते, आणि माझ्या मनात आलं, समजा काहीच झालं नाही तर? दिवस मावळला आणि कासुएला तशीच सजून बसलेली राहिली, तर रायेन मला कधी माफ करेल?

आवाज आला नाही. आधी पोरं गप्प झाली. मग एक पोरगी वर बोट दाखवून उभी राहिली. कासुएलाच्या काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ उमटली होती, जशी कुणी सुरीनं ओढावी. त्या रेघेखालचं सगळं एकदम, अख्खंच्या अख्खं, हललं. गडगडाट ऐकू आला तो त्यानंतर. पांढरा ढग भांड्यात भरला, काठोकाठ भरला, कासुएलाच्या तळाशी असलेल्या झाडीत शिरला आणि तिथंच बसला. झाडं मोडल्याचे आवाज कितीतरी वेळ येत होते.

रायेन पोरं मोजत होती. मोठ्यानं. मीही मोजत होते. सगळी होती. एकन् एक होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शाळेच्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. एवारिस्तोनं टोपी काढली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. एका आजीनं चीजची अख्खी जाड चकती आणून माझ्या मांडीवर ठेवली. रायेन शेवटी आली. माझ्या गळ्यात पडून ती लहानपणी रडायची तशी रडली, नाक माझ्या मानेत खुपसून. तिचं गरम तोंड मला मानेवर लागत होतं, आणि मी देवाला, पुएल्चेला, तीओला, ओर्तेन्सियाच्या सोपाइपियांना, सगळ्यांना धन्यवाद देत होते. फक्त एकाला सोडून, आणि ते मला खुपत होतं.

७

बर्फाचा कडा कुठून तुटला ते तपासायला त्याच दिवशी वर जावं लागतं. ऊन उतारावरून सरकलं आणि बर्फ पुन्हा घट्ट झालं तेव्हा मी निघाले. रायेन हटूनच बसली. “एकट्यानं जायचं नाही, नियम आहे,” ती म्हणाली. नियम कुणाचा, ते तिनं बोलून दाखवलं नाही.

तुटलेल्या कड्याची भिंत माझ्या उंचीपेक्षा मोठी होती. एक टोक रायेननं धरलं, दुसरं मी. मापं घेत घेत आम्ही मध्ये भेटणार होतो. मी एकटीच होते तेव्हा मला ते दिसलं.

भिंतीच्या पायाशी, जिथं साखर होती, तिथं एक पोकळी उघडी पडली होती. वरच्या बर्फाखाली आत शिरणारी. कोल्ह्याचं बीळ असेल, झऱ्याचं तोंड असेल, असं म्हणत मी वाकले. पोकळीच्या कडा तासलेल्या होत्या. गुळगुळीत, मी तासते तशा. आणि छतापासून खाली लोंबत होता एक चौकोनी खांब, चारी बाजूंनी मोकळा केलेला, पात्याएवढा. त्याचं टोक सरकून पडलेलं होतं. कापणी इतकी नेटकी की माझ्याच मनात आलं, वा!

मग मी छताकडे बघितलं. खांबाशेजारी दोन ठसे होते, शेजारीशेजारी, खोल दाबलेले. तसे ठसे मी रोज उठताना मागं ठेवते. गुडघ्यांचे. ते तळाला नव्हते. ते छतात होते.

आत, जिथं उजेड संपत होता, तिथं काहीतरी चपटं हललं. झपकन नाही. काम संपल्यावर अवजार आवरून ठेवतात, तशा सवयीच्या हातानं कुणीतरी ते आत ओढून घेतलं.

मी मागं सरायला हवं होतं. त्याच्याशी बोलू नकोस, असं तीओनं बजावलं होतं. पण माझ्या मानेवर माझ्या पोरीच्या तोंडाची ऊब अजून होती. तो धरावं म्हणून थापत होता की सुटावं म्हणून, हे मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. पण त्याच्या थापांमुळं अग्वा फ्रियाच्या घराघरांत त्या रात्री ताटं मांडली जाणार होती आणि एकही ताट रिकामं राहणार नव्हतं. एवढं मिळाल्यावर तोंड फिरवून निघून जाणं मला जमेना. माझ्या आईनं मला तसं वाढवलं नाही.

“उपकार झाले,” मी त्या पोकळीत म्हटलं. “फार मोठे उपकार झाले.”

आत सगळं थांबलं. मी बोलेपर्यंत आत किती बारीक बारीक हालचाल चालू होती, ते ती थांबल्यावर मला कळलं.

“आई?” रायेन कड्याच्या बाजूनं येत होती. “मापं झाली. तू कुणाशी बोलतेयस?”

“रेडिओवर,” मी म्हटलं आणि तिच्या आणि त्या पोकळीच्या मध्ये उभी राहिले. “चल. अंधार पडेल.”

आम्ही निघालो. मी तिला पुढं घातलं. थोडं खाली आलो असू, तेवढ्यात मागून आवाज यायला लागला. फावड्यानं बर्फ उचलून टाकल्याचा. एक फावडं, मग आणखी एक, घाई न करता. आमच्यात खड्डा उघडा टाकून कुणी जात नाही. कुणाचा तरी पाय पडेल म्हणून बुजवूनच निघायचं असतं. ते मी ओळखलं आणि मला हसू यायला लागलं.

रायेनही थांबली. तिनंही ऐकलं होतं.

“वर अजून कोण राहिलंय?”

“आपल्या गस्तीचंच माणूस,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते सहज निघालं.

“एकटंच? मग थांबूया ना त्याच्यासाठी,” माझी गुणी पोरगी म्हणाली, आणि वर बघत तिनं हाक मारायला हात तोंडाशी नेला. वर फावड्याचा आवाज थांबला.

मी तिचा हात खाली ओढला, घट्ट धरला आणि तिला ओढतच खाली नेलं. तिनं कितीदा तरी विचारलं, आई, काय झालं, आई, आपण थांबत का नाही. आभार मी मानले होते, मनापासून मानले होते, आणि पुन्हा मानेन. पण थांबणं मला जमलं नसतं.